मोटरसायकलला अलार्म घरच्या घरी बसवताना

नाशिकच्या पवननगरला आमच्या गल्लीत बहुतेक घरांना पार्किंग नाही. सिडकोने ही घरं बांधली तेव्हा दारात एखादी सायकल असायची. आता एकेका दारात दोन-तीन गाड्या आहेत आणि सगळ्या रात्रभर रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. दोन वर्षांपूर्वी समोरच्यांची गाडी अशीच पहाटे गेली. अंबडला फर्स्ट शिफ्टला निघालेला माणूस डबा घेऊन बाहेर आला, तर जागेवर ऑइलचा वाटीएवढा डाग आणि हँडल लॉकचा तुटका तुकडा. गाडीचे हप्तेही अजून फिटले नव्हते. त्याच आठवड्यात मी माझ्या स्प्लेंडरला अलार्म बसवला.

तो अलार्म मी चुकीचा बसवला होता. वायरी सोलल्या, एकमेकींना पीळ दिला, वर काळी टेप गुंडाळली आणि झालं असं समजलो. ऑगस्टच्या झडीत एका रात्री अडीच वाजता सायरन सुरू झाला आणि रिमोट दाबूनही थांबेना. शेजारच्या आजींना हृदयाचा त्रास आहे. त्या घाबरून ओट्यावर येऊन बसल्या होत्या. मी सीट काढून बॅटरीची वायर सोडवली तेव्हा कुठे शांतता झाली. सकाळी टेप उकलली तर आत चिकट राडा आणि तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या. अलार्मची डबी आणि सायरन दोन्ही ठणठणीत होते, दोष सगळा जोडांचा होता. मग सगळं काढून पहिल्यापासून बसवलं. त्यानंतर भावाची आणि मित्राची अशा आणखी दोन गाड्यांना बसवले, ते आजवर विनाकारण वाजलेले नाहीत.

म्हणून अलार्म कुठला घेतला यापेक्षा तो कसा जोडला याकडे मी जास्त बघतो. उगाच वाजणारा किंवा बॅटरी खाणारा अलार्म महिन्याभरात मालकच बंद करून टाकतो, आणि मग तो असून नसल्यासारखाच.

आधी गाडी कोणती ते बघा

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीवर हे काम सोपं आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस६, म्हणजे धुराचे कडक नियम, आले आणि बहुतेक मोटरसायकलींत फ्युएल इंजेक्शन आलं. अशा गाडीलाही अलार्म लावता येतो, पण ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), इंजेक्टर, पेट्रोल पंप, एबीएस आणि सेन्सर यांच्या वायरींना अजिबात हात लावायचा नाही. तिथे बल्बचा टेस्ट लॅम्पसुद्धा (वायरीत वीज आहे का ते बघायचा दिवा) लावू नका. सेन्सरच्या वायरींत ५ व्होल्टचं नाजूक काम असतं आणि बल्ब जास्त करंट ओढतो. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंग कापलं म्हणून इलेक्ट्रिकलची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. तेव्हा आधी सर्व्हिस सेंटरला विचारा, नाहीतर न कापता जोडता येईल तेवढंच जोडा. ते कसं, ते पुढे येतंच. इलेक्ट्रिक स्कूटरला मात्र हा लेख वाचून काही करू नका, तिचं सगळं गणितच वेगळं आहे.

बाजारातल्या साध्या किटमध्ये साबणाच्या वडीएवढी डबी असते, एक सायरन, दोन रिमोट आणि कपलर (डबीत खुपसायचा प्लग) लावलेला वायरींचा गुच्छ. हादरा ओळखणारा सेन्सर डबीच्या आतच असतो. विकत घेताना तीन गोष्टी बघा. एक, आराखडा छापलेलं माहितीपत्रक आत आहे का. दोन, सेन्सरची संवेदनशीलता कमी-जास्त करता येते का. तीन, रिमोटचा सेल नेहमी मिळणारा आहे का. रिमोटवरून गाडी सुरू करण्याची सोय असली-नसली तरी मला फरक पडत नाही. ती मी जोडतच नाही. गिअरमध्ये उभ्या असलेल्या गाडीला घरातून बटण दाबून सेल्फ मारला तर गाडी पुढे उडी घेते, आणि गल्लीत पोरं खेळत असतात.

सामान

मल्टिमीटर हवाच, साधा चालेल. टेस्ट लॅम्प घरी करता येतो: १२ व्होल्टचा जुना इंडिकेटर बल्ब, होल्डर, दोन वायरी आणि एक क्लिप. १० नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, वायर सोलायचा स्ट्रिपर, क्रिंपिंगचा (थिंबल वायरीवर दाबून बसवायचा) पक्कड, सोल्डरिंग आयर्न, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी), गोल थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), बुलेट कनेक्टर (एकात एक खुपसायची गोल टोकं), केबल टाय, फ्यूज होल्डर आणि दोन-तीन जादा फ्यूज. हे सुटं सामान एमजी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत किंवा कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतं. काळी पीव्हीसी टेप घ्या, पण ती गुच्छ बांधायला. जोड झाकण्यासाठी ताणून बसणारी रबराची सेल्फ-फ्यूजिंग टेप घ्या. ती स्वतःला चिकटून एकजीव होते, उन्हाने तिचा डिंक गळत नाही.

एक वस्तू मी मुद्दाम टाळतो. वायरीवर चिमट्यासारखं दाबायचं निळं किंवा लाल प्लास्टिकचं कनेक्टर मिळतं. दोन मिनिटांत काम होतं खरं, पण त्याचं पातं तांब्याच्या काही तारा कापतं आणि त्या फटीतून पाणी शिरतं. घरात, कोरड्या जागी ते ठीक. मोटरसायकलवर, त्र्यंबक रोडच्या पावसात, नको.

पहिल्यांदा करताय तर रविवारची सकाळ राखून ठेवा. तीन-चार तास लागतात, आणि उजेड हवा.

बॅटरी तपासा, मग सोडवा

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, चावी न लावता, बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. १२.६ च्या वर असेल तर छान. १२.२ च्या आसपास असेल तर बॅटरी अर्धी आहे, आधी चार्ज करा किंवा बदला. मग इंजिन सुरू करून थोडी रेस द्या. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग ठीक आहे. हे न करता अलार्म बसवला तर पुढे बॅटरी उतरण्याचा दोष विनाकारण अलार्मवर जातो.

आता चावी काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडवा, पॉझिटिव्ह नंतर. कारण साधं आहे. निगेटिव्ह लागलेली असताना पॉझिटिव्हचा बोल्ट खोलायला गेलात आणि पाना चेसिसला टेकला, की तिथेच शॉर्ट. निगेटिव्ह सुटलेली असेल तर पाना कुठेही टेको. लावताना उलट क्रम, पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

जागा ठरवणं

वायर कापण्याआधी डबी आणि सायरन नुसते ठेवून बघा, सीट लावून बघा, साइड पॅनल बसतो का बघा. डबी सीटखाली किंवा पॅनलच्या आत, पण मडगार्डवरून उडणारं पाणी पोहोचणार नाही अशी. कपलरचं तोंड खाली हवं, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब आत न शिरता खाली पडतो. डबी चेसिसच्या नळीला दुहेरी चिकटपट्टी आणि दोन टायने घट्ट बांधा. सैल डबी स्वतःच थरथरते आणि उगाच ओरडते.

सायरनचं तोंड जमिनीकडे किंवा तिरकं खाली. वर तोंड करून लावलेला सायरन पहिल्या पावसात भांड्यासारखा भरतो. सायलेन्सर आणि सिलिंडरपासून लांब ठेवा. आणि सायरनच्या दोन वायरी खालून हात घातला तर सापडता कामा नयेत. चोर आधी त्याच शोधतो.

अँटेनाची बारीक वायर सुटी लोंबत असेल तर ती कुठेही जोडायची नाही, कापायचीही नाही. सरळ पसरून प्लास्टिकच्या भागाला चिकटवा. लोखंडाला गुंडाळली तर रिमोटची पोच कमी होते.

वायरी एकेक करून

इथे घाई करू नका. किटच्या वायरींचे रंग आणि गाडीच्या वायरींचे रंग यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. किटमध्ये काळी वायर बहुतेक वेळा अर्थ, म्हणजे निगेटिव्ह, असते. पण होंडाच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये, म्हणजे हिरो होंडाच्या काळापासून चालत आलेल्या गाड्यांत, काळी वायर ही चावी चालू केल्यावर १२ व्होल्ट येणारी वायर असते आणि अर्थ असते हिरवी. काळ्याला काळी जोडली तर चावी फिरवताच अलार्मच्या अर्थला थेट पॉझिटिव्ह मिळतो. त्याच वायरिंगमध्ये लाल बॅटरीची, नारिंगी डाव्या इंडिकेटरची आणि फिकट निळी उजव्या इंडिकेटरची असते. दुसऱ्या कंपन्यांचे रंग वेगळे. रंगावरून अंदाज करा, खात्री मात्र टेस्ट लॅम्पने करा. गाडीची बॅटरी तेवढ्यापुरती परत लावावी लागेल, तरी चालेल.

अर्थपासून सुरुवात करतो. चेसिसच्या बोल्टला अर्थ घेता येते, पण तिथे रंगाचा थर आणि गंज आडवा येतो. मी थिंबल क्रिंप करून सरळ बॅटरीच्या निगेटिव्हलाच लावतो.

पॉझिटिव्हला फ्यूज लागतोच, आणि तो बॅटरीपासून वीतभराच्या आत. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कोणाचंच संरक्षण नसतं, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी. फ्यूज किती अँपिअरचा? साधे बल्ब असतील तर एका बाजूचे दोन इंडिकेटर, प्रत्येकी १० वॅट, म्हणजे २० वॅट. १२ ने भागलं की १.७ अँपिअर. चारही एकदम लागले की ३.३. सायरन साधारण १. बेरीज साडेचारच्या आत, पण बल्ब पेटताना क्षणभर जास्त ओढतात, त्यामुळे ५ चा फ्यूज काठावर येतो. मी साडेसातचा टाकतो आणि वायर ०.७५ स्क्वेअर एमएमपेक्षा बारीक वापरत नाही. एलईडी इंडिकेटर असतील तर ३ किंवा ५ पुष्कळ झाला. किटबरोबर १५ चा फ्यूज आला असेल तर तो बदला. बारीक वायर जळून जाईल तरी तो फ्यूज उडणार नाही.

चावीची वायर, म्हणजे चावी चालू झाली हे अलार्मला कळवणारी, तिच्यासाठी लोक हेडलाइट उघडून बसतात. गरज नाही. मागच्या ब्रेकच्या स्विचला चावी चालू केल्यावर १२ व्होल्ट येतात, आणि तो स्विच साइड पॅनलच्या जवळच असतो. टेस्ट लॅम्प लावा. चावी चालू केली की पेटला आणि बंद केली की विझला, तर ती वायर बरोबर. स्विचला दोन वायरी असतात. ब्रेक न दाबता पेटते ती घ्यायची, ब्रेक दाबल्यावरच पेटते ती दिव्याकडे जाते. हेडलाइटची वायर तर घेऊच नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज करणाऱ्या भागाच्या) एसी करंटवर चालतो, इंजिन बंद असताना तिथे काहीच नसतं.

इंडिकेटरच्या दोन वायरी सीटखाली, मागच्या दिव्याजवळ शोधा. मागच्या इंडिकेटरच्या वायरी बहुतेक गाड्यांत बुलेट कनेक्टरने जोडलेल्या असतात. तिथे दोन तोंडांचं बुलेट घाला: एका तोंडात मूळ वायर, दुसऱ्यात अलार्मची. एकही मूळ वायर कापावी लागत नाही आणि उद्या अलार्म काढला तर गाडी जशीच्या तशी. डावी डावीला, उजवी उजवीला. दोन्ही एकत्र जोडल्या तर डावा इंडिकेटर दिला की उजवाही लागेल, आणि द्वारका सर्कलला मागच्याला तुम्ही कुठे वळताय ते कळणार नाही.

जिथे बुलेट नाही तिथे मधून जोड काढावा लागतो. तो मी असा करतो. मूळ वायर न कापता स्ट्रिपरने मधलं इन्सुलेशन सेंटिमीटरभर बाजूला सरकवतो. उघड्या तारा सुईने मधोमध दोन भागांत फाकवतो, शिवणीत भोक पाडावं तशा. नवीन वायरीच्या तारा त्या भोकातून ओवून दोन्ही बाजूंना घट्ट गुंडाळतो. मग आयर्न खालून टेकवतो आणि सोल्डर वरून, तारांना लावतो. सोल्डर चमकून आत झिरपला पाहिजे. गोळी होऊन वर बसला तर तो जोड कच्चा, परत करा. वर सेल्फ-फ्यूजिंग टेप दुप्पट ताणून तीन फेरे. सोल्डर झिरपलेला भाग कडक होतो आणि जिथे कडक संपून मऊ वायर सुरू होते तिथे गाडीच्या थरथरीने ती तुटते. म्हणून जोडापासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत दोन्ही वायरींना एक टाय मारून बांधून टाका. माझ्या पहिल्या अलार्ममध्ये यातलं काहीही नव्हतं.

इंजिन बंद करणारी वायर: जोडायची की नाही?

बहुतेक किटमध्ये इग्निशन तोडायचा रिले (विजेने चालणारा स्विच) असतो. माझं मत, आणि मी ते ठामपणे सांगतो: चालत्या गाडीचा इग्निशनचा करंट स्वस्त डबीतून फिरवू नये. तो रिले बिघडला तर गाडी घरासमोर नाही, मुंबई-आग्रा रोडच्या उड्डाणपुलावर, मागे ट्रक असताना बंद पडेल. इंजेक्शनच्या गाडीत तर तो विचारही करू नका. चोराला गाडी सुरू करता येऊ नये एवढंच हवं असेल तर जाड साखळी किंवा डिस्क लॉक (चाकाच्या डिस्कला लावायचं कुलूप) त्यापेक्षा चांगलं काम करतं, आणि ते तुम्हाला रस्त्यात सोडून देत नाही.

तेव्हा इग्निशनच्या आणि सेल्फच्या न वापरलेल्या वायरी प्रत्येकी वेगळ्या बंद करा. प्रत्येकीच्या टोकावर स्लीव्ह चढवा, गरम करा, टोक दुमडून टाय मारा. सगळ्यांना एकत्र टेप गुंडाळू नका, आतल्या आत दोन टोकं टेकली की डबी जाते. काही किटमध्ये इग्निशनच्या दोन वायरी एकमेकींना जोडून ठेवल्या तरच बाकीचं चालतं. हे माहितीपत्रकातच दिलेलं असतं, वाचूनच ठरवा.

सायरन मूळ हॉर्नच्या वायरीला जोडायचा मोह टाळा. तो चालताना वाजवायची वस्तू नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ११९ मध्ये बदलत्या सुरांच्या हॉर्नला मनाई आहे.

चालू करून बघणं

सीट लावायच्या आधी तपासा. बॅटरी लावली की फ्यूज उडाला का, काही गरम होतंय का, ते मिनिटभर हात लावून बघा. मग दोन्ही इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि हॉर्न आधीसारखे चालतात का ते पाहा. रिमोटने अलार्म लावा आणि अर्ध्या मिनिटाने मागच्या चाकाला पाय मारा. परत लावा आणि चावी फिरवा. दोन्ही वेळा वाजला पाहिजे. हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कुठली वायर ताणली किंवा चेपली जात नाही ना, तेही बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं माप, जे फार थोडे लोक घेतात. अलार्म लावलेल्या अवस्थेत गाडी किती करंट खाते? बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, मल्टिमीटरची एक सळई वायरीला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. आधी १० अँपिअरच्या सॉकेटवर, आकडा अगदी कमी आला तर मग मिलिअँपिअरवर. हे चालू असताना अलार्म वाजू देऊ नका आणि सेल्फ तर मुळीच दाबू नका, मीटरचा फ्यूज जाईल. ५ ते १० मिलिअँपिअर आले तर ठीक. २० च्या वर असेल तर डबी किंवा जोड सदोष आहे. हिशेब असा: १० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला २४० मिलिअँपिअर-अवर. लहान गाडीची बॅटरी ३ अँपिअर-अवरची धरली तर बारा दिवसांत ती पूर्ण रिकामी, आणि सेल्फ त्याच्या आधीच, पाच-सहा दिवसांत, कुरकुरायला लागतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा उतरतो तेव्हा बॅटरी तशीच दबते, मग ते आणखी लवकर होतं. रोज चालणाऱ्या गाडीला याचा काही त्रास नाही. दिवाळीत दहा-पंधरा दिवस गावी जाणार असाल तर अलार्मचा फ्यूज काढून ठेवा आणि गाडी साखळीने बांधा.

संवेदनशीलता सगळ्यात कमीवर ठेवून सुरुवात करा आणि एकेक पायरी वाढवा. योग्य पायरी ही: कोणी सीटवर बसलं किंवा गाडी स्टँडवरून उचलली तर वाजावा, शेजारून बुलेट गेली तर वाजू नये. ही पायरी दिवसा ठरवा, रात्री रस्ता शांत झाल्यावर पुन्हा तपासा. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल गल्लीतून जातो तेव्हा जमीनच हादरते, त्या दिवशी कुठलाही अलार्म वाजणारच. त्या रात्री आणि लक्ष्मीपूजनाला मी तो लावत नाही, डिस्क लॉक घालतो.

दुसरा रिमोट घरात ठेवा, गाडीच्या डिकीत नाही. सेल आटला तर चावीने अलार्म कसा बंद करायचा याची रीत माहितीपत्रकात असते. तिचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा आणि एकदा करूनही बघा. त्याच वेळी सीट उघडी असताना जोडांचाही एक फोटो काढा, कुठली वायर कुठे गेली ते पुढे तुम्हालाच लागेल. मी मे महिन्याच्या शेवटी, मृगाच्या आधी, सीट काढतो, प्रत्येक जोड बोटाने हलवून बघतो, कपलर उघडून आत हिरवटपणा दिसतो का ते पाहतो आणि रिमोटचे सेल बदलतो. वीस मिनिटांचं काम आहे.